झाकलेली निकड

भाव पुन्हा चढला.

त्रिशला बिरनाळे हातातला चहा खाली ठेवून पडद्याकडे बघत राहिली. कित्येक वर्षं ती लोकांची दुखणी या पडद्यावर मांडत आली होती. भाव पाडणं हाच तिचा धंदा होता. आज दुखणं तिच्या वडिलांचं होतं, बोली लावणारी रुग्णालयं पाच होती, आणि पाचांतलं एकही खाली यायचं नाव घेत नव्हतं.

"दुपारपर्यंत उतरेल," ती स्वतःलाच म्हणाली.

दुपारपर्यंत तो आणखी चढला.

'सौदा' म्हणजे उपचारांचा उघडा बाजार. तो सुरू होऊन आता बराच काळ लोटला होता. सरकारनं एके दिवशी दवाखाने चालवणं आणि उपचारांचे दर ठरवणं, या दोन्ही कामांतून अंग काढून घेतलं होतं. त्याऐवजी दरवर्षी प्रत्येकाच्या नावावर एक आरोग्यहुंडी जमा व्हायची. ती कुठे वटवायची ते ज्याचं त्यानं ठरवावं. आपलं दुखणं सौद्यावर मांडायचं, मग बेळगावपासून पुण्यापर्यंतची रुग्णालयं बोली लावणार. प्रत्येकाचा दर उघडा, प्रत्येकाचं यशापयश उघडं. सामान्य माणसाला यातलं सगळं कळत नाही, म्हणून त्रिशलासारखे परवानाधारक अडते आले. विरोधकांनी मोर्चे काढले, घसे फोडले. पण वर्षभरात मोतीबिंदूचा दर असा काही उतरला की मोर्चातलेच निम्मे लोक डोळे करून घ्यायला रांग लावून आले. हे ती प्रत्येक भाषणात सांगायची, आणि ते खरंही होतं.

तिला सौद्याचं एवढं प्रेम असायला कारण होतं. तिची आई फुकटच्या रांगेत गेली. कुठल्याशा सरकारी इस्पितळात नंबर लावला होता. नंबर आल्याचा निरोप घरी आला तेव्हा आईच्या फोटोला हार चढला होता. "रांगेत माणूस मेला तर कुणाचंच काही जात नाही," ती म्हणायची. "बाजारात निदान एकाचं गिऱ्हाईक तरी जातं."

तिच्या वडिलांना, भूपालआण्णांना, पोटात फुगा निघाला होता. हृदयातून निघून पोटात उतरणारी जी मोठी धमनी, महारोहिणी, तिची भिंत एका जागी पातळ होऊन फुगली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो तसा. दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस फुटतो. फुटल्यावर बहुतेक वेळा काही करता येत नाही.

उपाय होता. मिरज रस्त्यावरच्या मोठ्या रुग्णालयात विणयंत्र होतं. रोग्याच्या धमनीचं मोजमाप घेऊन ते एक बारीक नळी विणायचं आणि तिला आतून त्याच रोग्याच्या पेशींचं अस्तर चढवायचं. ती नळी मांडीतल्या धमनीवाटे आत नेऊन फुग्याच्या जागी बसवली की काम झालं. अशी यंत्रं असलेली रुग्णालयं या पट्ट्यात पाचच.

तिथली शल्यविशारद शबाना मुजावर त्रिशलाची कॉलेजपासूनची मैत्रीण. संध्याकाळी ती घरी जाताना त्रिशलाच्या कचेरीत डोकावली.

"का थांबलीस अजून?" शबानानं विचारलं. "त्यांची निकड बघितलीस ना? परवा चाळीस होती. आज त्रेपन्न."

"आणि भाव बघितलास? परवा माझा गणपती पेठेतला गाळा विकून भागलं असतं. आज गाळा विकूनही पुरत नाही. बाजारात असं होत नाही, शबाना. विकणारे पाच असले की भाव पडतो."

"मी भाव ठरवत नाही बाई. आमचं बोलीयंत्र ठरवतं. सरकारनं कमाल दर बांधून दिला असता तर..."

"तर पुन्हा रांग लागली असती. माझी आई कशात गेली ते तुला ठाऊक आहे."

शबाना जायला उठली. दारातून एवढंच म्हणाली, "साठच्या वर गेली तर भावाचा विचार करू नकोस. उचलून आण."

शबाना गेल्यावर त्रिशलानं एक गोष्ट केली, जी तिनं कधीचीच करायला हवी होती. आण्णांच्या भावाची रेघ आणि निकडीची रेघ तिनं एकावर एक ठेवली. दोन्ही एकाच रेघेच्या सावल्या वाटाव्यात इतक्या मिळत्याजुळत्या होत्या. मग तिनं आपल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या रेघा काढल्या. सगळीकडे तेच, फक्त छोट्या दुखण्यांत ते डोळ्यांत भरत नव्हतं.

निकड यायची नाडीपट्टीतून. दंडाला चिकटवायची, तळहाताएवढीही नाही अशी पट्टी. तिच्या खालच्या अंगाला केसाहून बारीक सुया. त्या कातडीखालच्या पाण्यातून प्रथिनं चाखायच्या. धमनीची भिंत झिजते तेव्हा तिचे तुटके धागे रक्तात उतरतात. पट्टी ते ओळखायची आणि या माणसाला किती घाई आहे याचा शंभरापैकी आकडा सांगायची. हा आकडा सौद्यावर उघडा ठेवला तो चांगल्या हेतूनं. ज्याला घाई आहे त्याच्याकडे आधी लक्ष जावं म्हणून. पट्टी लावायची सक्ती नव्हती, पण न लावणारा वेडा समजला जायचा.

बोलीयंत्रांना कुणी लबाडी शिकवली नव्हती. पाच रुग्णालयांनी संगनमतही केलं नव्हतं. त्या यंत्रांनी लाखो सौदे बघितले आणि जे सत्य दिसलं ते उचललं. ज्याला थांबता येत नाही तो उठून जात नाही. मग एकानं भाव वाढवला की दुसऱ्यालाही कळतं, की खाली यायची गरज नाही. समोरासमोरच्या दोन दुकानांनी एकमेकांच्या पाट्या बघून भाव लावावेत, इतकं ते साधं होतं. यात कुणाला शिव्या द्याव्यात तेच त्रिशलाला कळेना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

घरी आण्णा सूर्यास्ताआधीचं जेवण उरकून झोपाळ्यावर बसले होते. चाळीस वर्षं हळदीची अडत केलेला माणूस. तोंडावरची रेघ हलेल तर शपथ. बाजारात त्यांना गमतीनं 'भिंत' म्हणायचे. त्रिशलानं दोन्ही रेघा त्यांच्यापुढे धरल्या.

आण्णांनी चष्मा वर सारून त्या नीट बघितल्या. "ह्यात नवीन काय हाय गं? तू त्यांना माझी गरज दाखवलीस. कुठला व्यापारी गरज दाखवून माल घेतो?"

"पण उघडा बाजार म्हणजे..."

"भाव उघडा असावा, बाळ. गरज न्हवं." ते सरसावून बसले. "आमच्या वेळी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. तू बघितलायस लहानपणी. दोघांनी हातात हात द्यायचा, वर रुमाल टाकायचा, आणि बोटं दाबून भाव सांगायचा. लोकांना वाटायचं भाव लपवतात. भावाचं काय, तो तासाभरात गावभर व्हायचा. रुमाल होता तो गरज झाकायला. एखाद्याला पोरीचं लग्न हाय, एखाद्याचा ट्रक भाड्यानं उभा हाय, त्याचा हात थरथरला तरी तो एकाच माणसाला कळायचा. आणि रुमालाखाली कुणी खोटं बोट दाबत न्हवता. तोंडानं हजार थापा मारा, बोटानं एक मारली की बाजारातनं उठलाच."

मग त्यांनी बाही वर केली आणि त्रिशला काही म्हणायच्या आत दंडावरची पट्टी सोलून काढली.

"आण्णा, तुम्हाला कळतंय का? पट्टी नसली तर फुगा कधी फुटायला आलाय ते कुणालाच कळणार नाही."

"मला कळंल की. पोट माझं हाय."

त्रिशला रात्रभर तळमळली. पट्टी परत लावायची तर गाळा विकूनही हात आखूड. न लावायची तर आंधळा कारभार. सकाळी तिनं पट्टी उचलून डबीत ठेवली आणि सौद्यावर आण्णांची नोंद नव्यानं केली. निकडीच्या रकान्यात आपोआप शब्द उमटला, 'अज्ञात'.

भाव घसरला. आधी थोडा, मग धाडकन. हा म्हातारा घाईत आहे की नुसता चौकशी करतोय, ते यंत्रांना कळेना, आणि पाचही एकमेकांच्या खाली येऊ लागली. घेणाऱ्याला धीर आणि विकणाऱ्याला भीती, असा तो खराखुरा बाजार होता. त्रिशलाचा जीव हरखून गेला. ती थांबली, आणखी थांबली, आणि मिरज रस्त्याच्या रुग्णालयाची बोली हुंडीच्या आसपास आली तेव्हा तिनं 'मान्य' दाबलं. गाळा वाचला होता.

तारीख आली पुढच्या बुधवारची.

बोलीखालची अट तिनं तेव्हा कुठे नीट वाचली. घाई नसलेल्या रोग्याला रुग्णालय आपल्या सोयीनं घेणार. मधल्या काळात पट्टी लावली आणि निकड वर दिसली, तर सौदा रद्द, नवी बोली. म्हणजे विकणाऱ्यानंही काहीतरी झाकलं होतं. भाव कमी करून त्यानं वेळ काढून घेतला होता.

"चालंल की," आण्णा म्हणाले. "एवढे दिवस काढले, अजून आठवडा."

दुसऱ्याच दिवशी शिवलिंग तोडकर कचेरीत आले. तोडकरांचं मारुती चौकाजवळ मिठाईचं दुकान. त्यांच्या हृदयाची एक झडप आकसत चालली होती, आणि तिचा भाव त्रिशला महिनाभर पाडत होती, म्हणजे पाडायचा प्रयत्न करत होती.

"ताई, आण्णांचा सौदा बघितला," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "असा भाव आमच्या वाट्याला का येत नाही?"

"त्यांचं वेगळं आहे, तोडकर."

"निकड अज्ञात, असं लिहिलंय तिथं." तोडकर मिठाईवाल्याचं हसू हसले. सौद्यावर सगळं उघडं असतं, हे त्यांना त्रिशलानंच शिकवलं होतं.

"तुम्ही असलं काही करू नका," ती म्हणाली. तिच्याच कानांना ते पोकळ वाटलं.

घरी तिनं आपला मुक्काम आण्णांच्या खोलीत हलवला. दिवसातून चार वेळा विचारायची, "पोट दुखतंय? पाठ? चक्कर?" आणि दर वेळी तेच उत्तर, त्याच सरळ आवाजात. "काय न्हाई गं. मस्त हाय." तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघावं आणि भिंतीकडे बघितल्यासारखं व्हावं. तिला पहिल्यांदाच त्या चेहऱ्याची भीती वाटू लागली. ज्या चेहऱ्यानं त्यांचं घर उभं केलं त्यातून आत काहीच दिसत नव्हतं. तिला पट्टीची आठवण यायची. पट्टी निदान खोटं बोलत नव्हती.

रविवारी अष्टमी होती. आण्णांचा उपवास असायचाच, म्हणून ताट वाढलं नाही. सोमवारी ती भात घेऊन गेली तर म्हणाले, "उपास पुढं चालू ठेवलाय. शस्त्रक्रियेआधी मन शुद्ध असावं." ते भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र. त्रिशलाला बरं वाटलं. बापानं धीर धरला आहे, देवाधर्माकडे वळला आहे. ताट झाकून ठेवून ती कामाला लागली.

दुपारी कपडे घड्या करताना तिचा हात एकदम थांबला. उपवासाच्या दिवशी आण्णा सकाळी उठून बस्तीला, जैन मंदिरात, जातात. पाऊस असो, महापूर असो. बस्ती घरापासून हाकेच्या अंतरावर. आज ते गेले नव्हते. कालही नव्हते गेले.

ती खोलीत आली. आण्णा तसेच बसलेले. वर्तमानपत्राचं तेच पान वर होतं.

"आण्णा, उपास आहे आणि बस्तीला नाही गेलात?"

"कंटाळा केला."

"तुम्ही?"

"वय झालं, बाळ. काय न्हाई. मस्त हाय."

तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. हा माणूस तिचा गाळा वाचवत होता. बुधवारपर्यंत तोंड मिटून बसला की पोरीचं काही विकावं लागणार नाही, एवढाच हिशेब त्यानं केला होता, आणि मरण समोर आलं तरी त्याचा भाव तो चेहऱ्यावर येऊ देणार नव्हता. तोंडानं विचारून काही उपयोग नाही, हे तिला कळून चुकलं.

तिनं घड्यांतला एक पंचा उचलला, त्यांच्यासमोर बसली, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि वर पंचा टाकला.

"काय चाललंय हे?" आण्णा हसले.

"सौदा. दुखतंय किती, पाचापैकी सांगा. तोंडानं नको."

हसू ओसरलं. त्यांनी हात काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण तो फार जोराचा नव्हता. पंच्याखाली त्यांची बोटं गार होती आणि घामानं ओली होती. बराच वेळ ती हललीच नाहीत. आण्णा खिडकीकडे बघत होते. चाळीस वर्षांत रुमालाखाली त्यांनी एकही खोटं बोट दाबलं नव्हतं, आणि तेवढ्यावर त्यांची सगळी पत उभी होती.

मग त्यांनी तिची पाचही बोटं एकत्र धरली आणि आवळली. इतकी, की तिला कळ आली.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

एक बोट. मग थोडं थांबून दुसरं.

गाडीत तिनं डबी उघडून पट्टी त्यांच्या दंडावर दाबली. मागच्या सीटवर आण्णा आडवे झाले होते. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे ते कण्हत होते आणि ते कण्हणं ऐकून त्रिशलाला भीतीबरोबर विचित्र असा दिलासाही वाटत होता. गाडी आपली आपण चालत होती. तिनं सौदा उघडला. निकड एक्क्याण्णव. जुना सौदा रद्द झाल्याची ओळ आली आणि पाठोपाठ पाच बोल्या, एकीहून एक वर. गाळा, कचेरी, राहतं घर, सगळं विकलं तर भागत होतं आणि वर थोडं उरतही होतं. यंत्रांना तिची ऐपत ठाऊक असावी अशा बेतानं ते आकडे बसले होते.

वर्षानुवर्षं तिनं पहिली बोली कधी घेतली नव्हती. गिऱ्हाइकांना ती दटावायची, पहिल्या बोलीला हात लावाल तर याद राखा. तिनं मिरज रस्त्याच्या रुग्णालयाच्या नावावर बोट ठेवलं आणि दाबलं.

दारात शबाना उभी होती, हातमोजे चढवलेले. स्ट्रेचर आत जाताना आण्णांनी डोळे उघडले.

"कितीला?" त्यांनी विचारलं.

"ठरलेल्या भावाला," त्रिशला म्हणाली. "तारीख फक्त अलीकडे घेतली त्यांनी. शबानानं सांगितलं वर."

आण्णांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. तिनं डोळ्याची पापणी लवू दिली नाही. कुठून आलं हे बळ, तिलाच ठाऊक नाही.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि त्यांना आत नेलं.

शस्त्रक्रिया संपेपर्यंत ती दालनात बसून होती. समोरच्या भिंतीवर सौद्याचा मोठा फलक होता, तिकडे तिनं मान वर करून बघितलंही नाही. अखेर शबाना बाहेर आली आणि तिच्या शेजारी धपकन बसली.

"गळायला लागला होता फुगा," ती म्हणाली. "उद्यावर टाकलं असतंस तर संपलं होतं. नळी बसली. वाचतील."

त्रिशलानं तोंडावर हात घेतला आणि हमसून हमसून रडली. शबाना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "तू काय केलंस ते सगळ्या गावाला कळलंय. बघ तिकडे."

त्रिशलानं फलकाकडे बघितलं. ओळीमागून ओळ. मूत्रपिंड, निकड अज्ञात. झडप, निकड अज्ञात. पित्ताशय, अज्ञात. प्रत्येक ओळीपुढचा भाव उतरत होता. बाकावरच्या एका बाईनं शेजारणीला कोपरखळी मारून दाखवलं, आणि दोघी खूश होऊन बघत राहिल्या. त्रिशलाला जो बाजार हवा होता तो हाच होता. पाच विकणारे आणि घाईत नसलेलं गिऱ्हाईक. यातलं कोण खरंच घाईत नाही, ते मात्र आता कुणालाच ठाऊक नव्हतं.

फोन वाजला. तोडकर होते.

"ताई, पट्टी काढली. निम्म्यावर आला बघा भाव. घ्यायचा, का अजून थांबायचं?"

"तोडकर, दम लागतोय का तुम्हाला?"

"छे हो. काही त्रास नाही. एकदम झकास."

आवाज सरळ होता, पेढ्याचा भाव सांगावा तसा. मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "पायऱ्या चढून आलायसा, आधी टेका की जरा." तोडकरांनी फोनवर हात धरला असावा, कारण पुढचं ऐकू आलं नाही.

"पट्टी लावा," त्रिशला म्हणाली. "आत्ता."

"मग भाव चढेल की."

"चढू दे."

"असं कसं ताई?" तोडकरांना वाईट वाटलेलं दिसलं. "आण्णांच्या वेळी तुम्हाला बरोबर कळलं, किती थांबायचं ते. आम्हाला पण सांगा की."

"नव्हतं कळलं, तोडकर," ती म्हणाली.

तोडकर समजूतदारपणे हसले. चांगला अडत्या आपली युक्ती लगेच सांगत नाही, हे त्यांना पटलं होतं. "बरं," ते म्हणाले, "मग उद्यापर्यंत थांबतो."